कसोटी फलंदाजांच्या श्रेष्ठत्वाची कालखंडनिहाय तुलना

कसोटी फलंदाजांच्या श्रेष्ठत्वाची कालखंडनिहाय तुलना म्हणजे वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर आणि वेगवेगळ्या नियमांखाली खेळलेल्या फलंदाजांपैकी थोर कोण, हे ठरविण्याचा प्रयत्न होय. क्रिकेटच्या इतिहासलेखनात आणि संख्याशास्त्रीय अभ्यासात या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर ही चर्चा सामान्यतः सी. के. नायडू, विजय मर्चंट, विजय हजारे, सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर या नावांभोवती फिरते. यांपैकी नायडू नागपूरचे. त्यांची कसोटीतील सरासरी २५.०० आहे, तर तेंडुलकर यांची ५३.७८. केवळ आकडा पाहणाऱ्याला पहिले नाव या यादीत का यावे, हेच कळणार नाही. तरीही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार नायडू यांच्याच नावाने दिला जातो. आकडा आणि कीर्ती यांच्यातील ही तफावत या विषयाच्या मुळाशी आहे.

सरासरीचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

फलंदाजाची सरासरी म्हणजे त्याच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागून येणारा आकडा. ऑस्ट्रेलियाचे डोनाल्ड ब्रॅडमन ८० डावांत दहा वेळा नाबाद राहिले. ६,९९६ धावांना ७० ने भागले की ९९.९४ ही प्रसिद्ध सरासरी मिळते. शेवटच्या डावात, १९४८ साली ओव्हल मैदानावर, त्यांना शंभराच्या सरासरीसाठी चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिस यांनी त्यांचा शून्यावर त्रिफळा उडविला.

ब्रॅडमन यांच्याबाबत वाद जवळजवळ नाही, कारण त्यांच्यानंतरच्या फलंदाजांची सरासरी साठीच्या आसपास थांबते. वाद सुरू होतो तो त्यांच्या खाली. ऑस्ट्रेलियाच्याच ॲडम व्होजेस यांनी वीस कसोट्यांत ६१.८७ च्या सरासरीने १,४८५ धावा केल्या. इंग्लंडचे जॅक हॉब्ज यांची सरासरी ५६.९४ आहे, पण ती ६१ कसोट्यांतील ५,४१० धावांची आहे. व्होजेस हॉब्ज यांच्याहून थोर होते, असे कोणीही जाणकार म्हणत नाही. मुंबईचे विनोद कांबळी यांनी १७ कसोट्यांत ५४.२० ची सरासरी राखली. ती त्यांच्या शाळेतील जोडीदार तेंडुलकर यांच्या सरासरीपेक्षा किंचित अधिकच आहे. परंतु १७ कसोट्या आणि २०० कसोट्या या दोन पारड्यांत ठेवून तोलण्याजोग्या गोष्टी नव्हेत.

सरासरीची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. धाव ही सर्व काळी सारख्याच मोलाची नसते. एखाद्या सामन्यात एक गडी बाद करण्यासाठी गोलंदाजांना सरासरी किती धावा द्याव्या लागल्या, यावरून त्या सामन्यातील धावेचे मोल अजमावता येते. त्याचे उत्तम उदाहरण नागपुरातच मिळते.

नागपूरच्या दोन कसोट्या

नोव्हेंबर २००० मध्ये भारत आणि झिंबाब्वे यांच्यातील कसोटी नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर झाली. भारताने ६ बाद ६०९ धावांवर डाव घोषित केला. त्यात तेंडुलकर यांच्या नाबाद २०१ आणि राहुल द्रविड यांच्या १६२ धावा होत्या. झिंबाब्वेने ३८२ आणि फॉलोऑननंतर ६ बाद ५०३ धावा केल्या. यष्टिरक्षक अँडी फ्लॉवर २३२ धावांवर नाबाद राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. पाच दिवसांत १,४९४ धावा आणि २२ बळी, म्हणजे प्रत्येक बळीमागे सुमारे ६८ धावा.

पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याच शहराच्या वेशीबाहेर जामठा येथील नव्या मैदानावर भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. भारताचे डाव २१५ आणि १७३ धावांत आटोपले. आफ्रिकेचे ७९ आणि १८५ धावांत. संपूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाला अर्धशतक करता आले नाही. मुरली विजय यांच्या ४० धावा हीच सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ठरली. चाळीस बळींसाठी ६५२ धावा, म्हणजे बळीमागे सुमारे १६. भारत १२४ धावांनी जिंकला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला निकृष्ट दर्जा दिला.

नोंदवहीत पहिल्या सामन्यातील २०१ आणि दुसऱ्या सामन्यातील ४० हे आकडे शेजारी शेजारी बसतात. सामन्याच्या धावमोलाने भागले, तर २०१ म्हणजे त्या सामन्यातील सुमारे तीन बळींच्या किमतीइतक्या धावा आणि ४० म्हणजे अडीच बळींच्या. अंतर उरतेच, पण पाचपटीचे राहत नाही. एकाच शहरात, दीड दशकाच्या आत हा फरक पडत असेल, तर सत्तर-ऐंशी वर्षांच्या अंतराने खेळलेल्यांची सरासरी सरळ शेजारी मांडणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

सी. के. नायडू

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगूभाषक कुटुंबात झाला. त्यांचे क्रिकेट नागपुरातच घडले. गांधीबाग, महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांच्या शहरात त्या काळी क्रिकेटला आजच्यासारखे बांधीव मैदान नव्हते आणि प्रेक्षकांसाठी आसनांची सोयही नव्हती. १९१६ साली ते हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. १९२३ साली इंदूरच्या होळकर दरबाराने त्यांना बोलावून घेतले आणि पुढील आयुष्य त्यांनी मुख्यतः तेथेच काढले.

भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यापूर्वीच नायडू तिशी ओलांडून गेले होते. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा फटकावल्या. त्यात अकरा षटकार होते. हा डाव भारतीय क्रिकेटच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. भारतीय खेळाडू इंग्रजांच्या मुख्य संघाशी बरोबरीने खेळू शकतात, हे त्या दौऱ्याने दिसून आले आणि पुढे कसोटी दर्जाचा मार्ग मोकळा झाला. कोणत्याही सरासरीत हे योगदान मोजले जात नाही. किंबहुना तो डाव कसोटीच्या हिशेबात धरलाच जात नाही.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा कर्णधार नायडू यांचे वय ३६ वर्षे आणि २३८ दिवस होते. त्याच वयाला पोहोचेपर्यंत गावसकर शंभराहून अधिक, तर तेंडुलकर दीडशेहून अधिक कसोट्या खेळून चुकले होते. दुसऱ्या शब्दांत, इतरांची कारकीर्द जेथे उतरणीला लागते, तेथे नायडू यांची सुरू झाली.

त्या सामन्यात इंग्लंडने २५९ आणि ८ बाद २७५ (घोषित), तर भारताने १८९ आणि १८७ धावा केल्या. इंग्लंड १५८ धावांनी जिंकले. एकूण ९१० धावा आणि ३८ बळी, म्हणजे बळीमागे सुमारे २४ धावा. क्षेत्ररक्षण करताना हाताला झालेली दुखापत सोसून नायडू यांनी पहिल्या डावात ४० धावा केल्या आणि त्याच भारताच्या डावातील सर्वाधिक ठरल्या. दुसऱ्या डावात त्यांच्या दहा धावा झाल्या. सरासरीच्या रकान्यात ही कामगिरी पंचवीसची दिसते, परंतु त्या सामन्याचे मोलच चोवीसचे होते.

१९३२ च्या त्याच दौऱ्यात नायडू यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ४०.४५ च्या सरासरीने १,६१८ धावा केल्या, ३२ षटकार मारले आणि लॉर्ड्सवर एम. सी. सी. विरुद्ध नाबाद ११८ धावांची खेळी केली. 'विस्डेन' या इंग्रजी वार्षिकाने १९३३ साली त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंत निवड केली. १९३३-३४ मध्ये मुंबईच्या पहिल्या मायदेशी कसोटीत लाला अमरनाथ यांच्या शतकी खेळीला नायडू यांच्या ६७ धावांची साथ होती. १९३६ साली ओव्हलवर, आपल्या अखेरच्या कसोटी डावात, त्यांनी ८१ धावा केल्या. हीच त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या. त्या डावात गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू अंगावर बसूनही ते खेळत राहिले.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारत केवळ सात कसोट्या खेळला आणि नायडू त्या सातही खेळले. त्यांपैकी शेवटच्या सहा कसोट्यांत विजय मर्चंटही संघात होते. त्या सहा सामन्यांत मर्चंट यांच्या ४६० धावा झाल्या, नायडू यांच्या ३००. गोलंदाज तेच, खेळपट्ट्या त्याच. तेव्हा कठीण काळ हे नायडू यांच्या सरासरीचे संपूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही. मात्र मर्चंट त्या वेळी बावीस ते चोवीस वर्षांचे होते आणि नायडू अडतीस ते चाळीस, हेही त्याच दमात नोंदविले पाहिजे. नायडू यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ३५.९४ आहे, २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. फलंदाज म्हणून ते मर्चंट यांच्याइतके सातत्यपूर्ण नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे असे आहे. त्यांचे मोठेपण उंच, निर्भय फटक्यांत, गोलंदाजीसह अष्टपैलू खेळात आणि दीर्घायुषी खेळात होते. १९४५-४६ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पन्नाशीच्या नायडू यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या. एकसष्टाव्या वर्षी ते उत्तर प्रदेश संघाचे कर्णधार होते. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

मर्चंट आणि हजारे

मुंबईचे विजय मर्चंट यांच्या बाबतीत तफावत उलट दिशेची आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ आहे. दीर्घ कारकीर्दीच्या फलंदाजांत त्यांच्या वर केवळ ब्रॅडमन (९५.१४) आहेत. रणजी करंडकात तर मर्चंट यांची सरासरी ९८.७५ इतकी भरते. परंतु कसोट्या अवघ्या दहा. ऑगस्ट १९३६ नंतर जून १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही, आणि मर्चंट यांच्या चोविसाव्या ते चौतिसाव्या वर्षांमधला ऐन उमेदीचा काळ त्यात गेला. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध चाळिशीत त्यांनी १५४ धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावल्याने तोच त्यांचा अखेरचा कसोटी डाव ठरला.

देशांतर्गत सामन्यांतील मोठ्या सरासरीवर आक्षेप असा घेतला जातो, की मुंबईच्या त्या काळच्या खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल होत्या. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण १९४६ च्या ओलसर इंग्लिश उन्हाळ्यात मर्चंट यांनी दौऱ्यावर ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या, हे त्याचे बऱ्याच अंशी उत्तर आहे.

सांगली येथे जन्मलेले विजय हजारे हे मर्चंट यांचे प्रतिस्पर्धी. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० धावा केल्या. त्याच सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. संघाच्या एकूण धावांतील वाटा हे श्रेष्ठत्वाचे एक माप मानले, तर हा डाव जागतिक क्रिकेटमध्येही वरच्या रांगेत बसतो.

हजारे यांची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे रे लिंडवॉल आणि कीथ मिलर यांच्या माऱ्यापुढे त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. १९५२ साली लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली होती. कर्णधार हजारे यांनी ५६ धावा करून दत्तू फडकर यांच्यासह शतकी भागीदारी रचली. सामना भारताने गमावला आणि नोंदवहीत हे अर्धशतक इतर अर्धशतकांसारखेच दिसते.

कसोटीविना श्रेष्ठ

कसोटी न खेळलेल्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष तीव्र आहे. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९२६ साली गिलिगन यांच्याच संघाविरुद्ध १४८ धावा केल्या होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, तर बावन्नाव्या वर्षी एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतके. संस्कृत शिकविणाऱ्या या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या कसोटीच्या वेळी ते चाळीस वर्षांचे होते आणि त्यांची निवड झाली नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा तेव्हाचा ४५२ धावांचा विश्वविक्रम मोडण्यास दहा धावा हव्या असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला. निंबाळकर यांनाही एकही कसोटी मिळाली नाही.

या दोघांची नावे कसोटीवर आधारलेल्या कोणत्याही क्रमवारीत येऊच शकत नाहीत. ही क्रमवारीची उणीव आहे, खेळाडूंची नव्हे.

गावसकर आणि तेंडुलकर

पुढील पिढीकडे येताना पुरेशा सामन्यांमुळे आकडे बोलके होतात. पुढील तक्त्यात चर्चेतील प्रमुख फलंदाजांची कसोटी कामगिरी एकत्र दिली आहे.

| फलंदाज | काळ | कसोट्या | धावा | सरासरी | शतके |
|---|---|---|---|---|---|
| सी. के. नायडू | १९३२–१९३६ | ७ | ३५० | २५.०० | ० |
| विजय मर्चंट | १९३३–१९५१ | १० | ८५९ | ४७.७२ | ३ |
| विजय हजारे | १९४६–१९५३ | ३० | २,१९२ | ४७.६५ | ७ |
| पॉली उमरीगर | १९४८–१९६२ | ५९ | ३,६३१ | ४२.२२ | १२ |
| सुनील गावसकर | १९७१–१९८७ | १२५ | १०,१२२ | ५१.१२ | ३४ |
| दिलीप वेंगसरकर | १९७६–१९९२ | ११६ | ६,८६८ | ४२.१३ | १७ |
| सचिन तेंडुलकर | १९८९–२०१३ | २०० | १५,९२१ | ५३.७८ | ५१ |

गावसकर यांच्या थोरवीचा मुख्य पुरावा म्हणून वेस्ट इंडीजविरुद्धची त्यांची १३ शतके नेहमी पुढे केली जातात. या पुराव्याची बारकाईने छाननी केली, तर तो थोडा बदलतो. १९७१ च्या पदार्पणाच्या मालिकेत चार कसोट्यांत त्यांनी १५४.८० च्या सरासरीने ७७४ धावा केल्या आणि चार शतके झळकावली, परंतु त्या काळी वेस्ट इंडीजचा वेगवान मारा पुढच्या दशकाइतका भेदक नव्हता. १९७८-७९ मध्ये भारतात आलेल्या संघात पॅकर यांच्या मालिकेत गेलेले प्रमुख खेळाडू नव्हते. त्या मालिकेतही चार शतके आहेत. म्हणजे तेरापैकी आठ शतके तुलनेने सौम्य माऱ्याविरुद्धची होत. उरलेली पाच मात्र होल्डिंग, मार्शल, रॉबर्ट्स, गार्नर यांच्या पिढीविरुद्धची आहेत. १९८३ साली दिल्लीला ९४ चेंडूंत पूर्ण केलेले शतक, ज्याने ब्रॅडमन यांच्या २९ शतकांशी बरोबरी झाली, आणि चेन्नईतील नाबाद २३६ धावा ही त्यांतील दोन. पाच ही संख्याही लहान नाही. केवळ 'तेरा' म्हणून थांबणे गावसकर यांनाच न्याय देत नाही, कारण त्यामुळे अवघड पाच शतके सोप्या आठांत मिसळून जातात.

त्या गोलंदाजीची धार किती होती, याची कल्पना मोहिंदर अमरनाथ यांच्या उदाहरणाने येते. १९८३ च्या पूर्वार्धात वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी पाच कसोट्यांत ५९८ धावा केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी त्याच संघाविरुद्ध सहा डावांत मिळून एक धाव. फलंदाज तोच आणि गोलंदाजही बहुतांशी तेच.

गावसकर यांच्या शेवटच्या कसोटी डावाचा उल्लेखही टाळता येत नाही. मार्च १९८७ मध्ये बंगळुरूच्या फिरकीला साथ देणाऱ्या, तुटत चाललेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला. शतक नाही, विजय नाही. तरीही त्यांच्या ३४ शतकांपैकी बहुतेकांहून हा डाव अभ्यासक वरचा मानतात.

तेंडुलकर यांचा दावा विस्तारावर उभा आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत सुरू झालेली त्यांची कारकीर्द चोवीस वर्षे चालली. त्यांनी परदेशात ५४.७४ च्या आणि मायदेशी ५२.६७ च्या सरासरीने धावा केल्या. गावसकर यांचेही तसेच आहे, परदेशात ५२.११, मायदेशी ५०.१६. घरच्या खेळपट्ट्यांवर धावा गोळा करणारे, हा भारतीय फलंदाजांवरील जुना आरोप या दोघांना लागू पडत नाही. तेंडुलकर यांच्यावर वेगळी टीका होते, ती अशी की सामना एकहाती फिरविणारे डाव त्यांच्या एकूण धावांच्या मानाने थोडे आहेत. २००१ साली विस्डेनने जाहीर केलेल्या शंभर सर्वोत्तम कसोटी डावांच्या यादीत त्यांचा एकही डाव नव्हता आणि त्यावरून भारतात बराच गदारोळ झाला. १९९९ साली चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध पाठदुखी सोसत केलेल्या १३६ धावा त्या यादीत न बसण्याचे कारण, भारत तो सामना बारा धावांनी हरला, हे असावे. निकालाला फार वजन देणारी पद्धत दुबळ्या संघातील थोर फलंदाजाला नेहमीच खाली ढकलते. हजारे यांचेही नुकसान याच तत्त्वाने होते.

तुलनेच्या पद्धती

संख्याशास्त्रज्ञांनी यातून काढलेला मुख्य मार्ग असा, की फलंदाजाची तुलना दुसऱ्या काळातील फलंदाजाशी थेट न करता प्रथम त्याच्या समकालीनांशी करावी आणि तो त्यांच्या किती वर होता, हे अंतर मग इतर काळांतील अंतरांशी ताडून पाहावे. नागपूर आणि लॉर्ड्स येथील वर दिलेले हिशेब याच पद्धतीचे प्राथमिक रूप आहेत. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची गुणपद्धती १९८७ साली प्रथम अमलात आली आणि नंतर ती जुन्या सामन्यांनाही लावण्यात आली. प्रतिस्पर्धी गोलंदाजांचा दर्जा आणि सामन्यातील एकूण धावा तीत विचारात घेतल्या जातात. तीनुसार ब्रॅडमन यांचे सर्वोच्च गुण ९६१. भारतीयांत विराट कोहली ९३७, गावसकर ९१६ आणि तेंडुलकर ८९८. हे गुण कारकीर्दीच्या शिखराचे माप आहेत, तिच्या लांबीचे नव्हे. क्रम उलटा वाटण्याचे कारण तेच आहे.

दुसरा मार्ग जाणकारांच्या मतदानाचा. २००० साली विस्डेनने शंभर जणांच्या मतांवरून शतकातील पाच क्रिकेटपटू निवडले. ब्रॅडमन यांना सर्वच्या सर्व शंभर मते मिळाली, गॅरी सोबर्स यांना नव्वद. तिसऱ्या क्रमांकावरील हॉब्ज यांना मात्र तीसच. पहिल्या दोन नावांनंतर एकमत किती झपाट्याने विरते, हे त्या आकड्यांवरून दिसते.

नियम आणि साधने

बदललेल्या परिस्थितीचा हिशेब कोणतीही पद्धत पूर्णपणे करू शकलेली नाही. नायडू यांच्या काळात पावसाने भिजलेल्या, उघड्या खेळपट्टीवर खेळणे हा नित्याचा अनुभव होता आणि भारतात चटईवरील क्रिकेट सर्रास चाले. यष्टीबाहेर उजव्या बाजूस टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत देण्याचा नियम १९३५ साली प्रायोगिक रूपाने आला आणि १९३७ साली कायम झाला. त्याआधीच्या फलंदाजांना पॅड पुढे करून अशा चेंडूपासून सुटका करून घेता येई. म्हणजे काळ सर्वच बाबतींत जुन्यांना कठोर होता, असे नाही. कसोटीत हेल्मेट प्रथम मार्च १९७८ मध्ये ग्रॅहम यालप यांनी घातले. गावसकर यांनी कारकीर्दीच्या उत्तरार्धात टोपीखाली कवटीचे साधे संरक्षक कवच वापरले, एवढेच. उसळत्या चेंडूंच्या संख्येवर मर्यादा १९९१ पासून आली. तेंडुलकर यांची बहुतेक कारकीर्द त्या मर्यादेखाली गेली. बॅटच्या जाडीवर मात्र २०१७ पर्यंत बंधन नव्हते. दुसरीकडे, तेंडुलकर यांना चित्रफितींवर आपला दोष शोधणाऱ्या गोलंदाजांना तोंड द्यावे लागले. नायडू यांच्या फलंदाजीचे असे विश्लेषण करण्याचे साधनच त्या काळी प्रतिस्पर्ध्यांकडे नव्हते.

स्मृतीचे स्थान

मर्चंट-हजारे यांच्या पिढीचा खेळ आज पाहावयास मिळत नाही. मिळतात ती वर्तमानपत्रांतील वर्णने, धावफलक आणि ज्येष्ठांच्या आठवणी. नंतरच्या काळात आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने मैदानात न गेलेल्या घरांतही खेळ पोहोचविला. ऐकलेला डाव पाहिलेल्या डावापेक्षा मनात मोठा होत जातो, आणि तरुणपणी पाहिलेला खेळाडू उतारवयात आणखी मोठा होतो. साक्षीपुराव्याचा हा दोष सर्व पिढ्यांत सारखाच आढळतो. तेंडुलकर यांची पिढी तरी त्याला अपवाद ठरेल, असे मानण्यास आधार नाही.

नागपुरातील संदर्भ

सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९ मध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात झाली. ती पाहुण्यांनी १६७ धावांनी जिंकली. गांधीबागेसारख्या जुन्या बाजारपेठेपासून हे मैदान काही किलोमीटरवरच आहे. २००८ पासून कसोटी सामने जामठा येथे होऊ लागले. भारतीय मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार १९९४ साली प्रथम लाला अमरनाथ यांना देण्यात आला. पुढे गावसकर आणि तेंडुलकर हेही त्याचे मानकरी झाले. तरुण खेळाडूंची आंतरराज्य स्पर्धाही नायडू यांच्याच नावाने खेळली जाते.

१९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर साठ षटकांत नाबाद ३६ धावा केल्याबद्दल गावसकर यांची अनेक वर्षे थट्टा झाली होती. त्याच गावसकर यांनी १९८७ च्या विश्वचषकात सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा फटकावल्या. एकदिवसीय सामन्यांतील ते त्यांचे एकमेव शतक. तो दिवस ३१ ऑक्टोबर, म्हणजे नायडू यांची ९२ वी जयंती होती.